पहिलं वाक्य पुन्हा येईपर्यंत

"ये माय, बस जराशीक. कुठून आली वं?"

टीव्हीतून सासूबाईंचा आवाज आला आणि सुरुचीचा अंगठा कंट्रोलरवर जागच्या जागी थांबला. आवाज येणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यासाठीच तर विक्रांतने हा व्हिडिओ गेम बाजारात आला त्याच दिवशी विकत घेतला होता. तरीही ती दचकली. अमरावतीहून फोनवर येतो तसा तो तुटक नव्हता. शेजारी येऊन बसल्यासारखा जवळचा होता, घशातली बारीक घरघरसुद्धा ऐकू येत होती. पडद्यावर मात्र सासूबाई नव्हत्या. एका पारावर कोणीतरी म्हातारी बसली होती, नाकापर्यंत ओढलेला पदर, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि मागे, सह्याद्रीतल्या म्हणवणाऱ्या किल्ल्याच्या पायथ्याशी, एक उंट रवंथ करत उभा होता. कुणा चित्रकाराने भारत म्हणून त्याला जे जे आठवलं ते एका जागी गोळा केलेलं दिसत होतं. खाली इंग्रजीत अक्षरं उमटली: कम, सिट, माय चाइल्ड. विक्रांत किचनमधून चहाचा मग घेऊन धावत आला. "आली का आई? थांब, हलू नकोस, रेकॉर्ड करतो." त्याने सुरुचीला खेळात मागे जायला लावलं, पुन्हा पुढे यायला लावलं, पुन्हा तेच वाक्य फोनवर टिपलं आणि डब्लिनच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. चहा निवायच्या आत अंगठे आणि फुलं येऊन पडली. मंडळातल्या देवयानीने लिहिलं, काकू ग्लोबल झाल्या, पार्टी हवी. "उंटाचं सोड," विक्रांत म्हणाला, "ॲक्सेंट ऐक. कसला ऑथेंटिक आहे." मग त्याने क्रिकेटची बॅग खांद्याला लावली. "चारपर्यंत येतो. आज आईशी बोलून तिकीट काढून टाकू. आणि शेवटी नावं येतील तेव्हा फोटो काढून ठेव, त्यात माझंपण आहे." दार बंद झालं. त्याच्या आईने पुढे काही म्हटलं असेल का, हे बघायला तो थांबला नाही, आणि खरं तर त्याची सवयच नव्हती ती. या घरात खेळणारी सुरुची होती.

ऑर्ला फेन ही या मालिकेची नायिका, जुने नकाशे घेऊन जगभर हिंडणारी एक हट्टी आयरिश बाई. सुरुची इंजिनियरिंगला असताना पुण्यात मैत्रिणीच्या भावाच्या खोलीत तिने पहिला भाग पाहिला होता, आणि पुढे नोकरी, लग्न, व्हिसा, दोन बाळंतपणं असं सगळं होत गेलं तरी ऑर्ला दर दोन-चार वर्षांनी नवा भाग घेऊन येत राहिली, अजून तिशीतच, अजून त्याच बुटांत. सातव्या भागात ती सुरुचीच्या देशात पोचली होती आणि सुरुची तिच्या. सुरुचीची खेळायची एक पद्धत होती. गावात शिरलं की वाटेत भेटेल त्या प्रत्येकाशी बोलायचं. कोळी, लोहार, दारात उभं पोर, कोणीही. एकदा बोलून पुढे जायचं नाही. पुन्हा बटण दाबायचं, पुन्हा ऐकायचं, आणि त्याने फिरून पहिलं वाक्य म्हटलं की समजायचं, याच्याकडे आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. मगच निघायचं. ऑफिसातले खेळणारे तिला हसायचे, असा वेळ कोण घालवतं, म्हणायचे. पण किती तरी गुपितं तिला अशी सापडली होती. जी माणसं रस्त्यावर नुसती उभी असतात त्यांच्या तोंडात बनवणाऱ्यांनी काही ना काही ठेवलेलं असतं. थांबणाऱ्यालाच ते मिळतं. याबद्दल तिला स्वतःचं कौतुक होतं, मी माणसांकडे दुर्लक्ष करत नाही असं काहीतरी.

तान्हा अद्वय आतल्या खोलीत झोपला होता. सात वर्षांची तन्वी सोफ्यावर पाय दुमडून चित्र रंगवत होती. खिडकीखाली सँडीफोर्डच्या स्टॉपवरून ट्राम निघाल्याची घंटा वाजली. सुरुचीने बटण दाबलं. "पानी पी," म्हातारी म्हणाली, "उन्हातान्हाची कुठी फिरून राह्यली एकटी?" सुरुचीला हसू आलं. हे वाक्य तिला ओळखीचं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सासूबाई तीन महिने इथे होत्या तेव्हा ती ऑफिसातून आली की दारातच हे वाक्य यायचं, बाहेर चौदा डिग्री आणि भुरभुर पाऊस असला तरी. ऊन कुठलं आलंय आई, असं ती म्हणायची आणि शेवटची मीटिंग आटपायला खोलीत जायची. गोड बोलतात गं त्या, हे तिने पुण्याला आईला फोनवर सांगितलं होतं. गोड हा शब्द फार सोयीचा होता. वऱ्हाडी बोलणं ऐकलं की पुण्याकडच्या माणसाला ते गोड वाटतं, म्हणजे काय बोलतायत हे ऐकायची गरज उरत नाही. ती कधी कधी त्यांची नक्कल करायची, त्यांच्यासमोरच, आणि त्यासुद्धा हसायच्या. त्यांना नक्की काय वाटायचं कोण जाणे. विक्रांत तर घरात आईशी बोलताना पुणेरीच बोलायचा. अमरावतीची भाषा त्याने कॉलेजच्या पहिल्या वर्षात टाकून दिली होती आणि आई आली म्हणून ती परत उचलायला त्याला लाज वाटत होती.

"तू थांबली तरी," म्हातारी म्हणाली. "इथं कोनी थांबत नाई. सारे कानात बोंडं घालून फिरते."

खाली अक्षरं आली: द रोड इज लाँग, माय चाइल्ड. सुरुचीने अक्षरं वाचली, मग ऐकलेलं आठवलं, आणि तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. ऑर्ला पडद्यावर कंबरेवर हात ठेवून वाट बघत उभी होती. कानात बोंडं. कापसाची बोंडं, वऱ्हाडातली; इथल्या इअरफोनना सासूबाईंनी दिलेलं नाव. सकाळी ट्रामच्या रांगेत उभ्या माणसांकडे सातव्या मजल्यावरून बघत सासूबाई हे म्हणाल्या होत्या, एकदा की दोनदा, आणि विक्रांतने कानातली बोंडं न काढताच हो हो म्हटलं होतं. सासूबाई दिवसभर त्या खिडकीत असायच्या. खाली जायची लिफ्ट कार्डावर चालायची आणि कार्ड दोनच होती, तिसरं मागवू मागवू म्हणता उन्हाळा संपला. टीव्हीवर मराठी चॅनल लावून दिलं होतं पण रिमोट तीन होते. तन्वी तेव्हा पाच वर्षांची. आजीने विचारावं, काय खातीस वं, आणि तिने म्हणावं, आय'म ग्रँड, आजी, आणि पळून जावं. ठीक आहे, काही नको, याला इथे ग्रँड म्हणतात; सासूबाईंनी तो एक शब्द उचलला. जेवण कसं झालं, ग्रँड. गुडघा कसा आहे, ग्रँड. विक्रांत हा किस्सा सगळ्यांना सांगायचा, आई आयरिश झाली म्हणून. ऊन नव्हतं तर त्यांनी पाण्याच्या टाकीचं ते गरम कपाट शोधून काढलं, ज्याला इथे हॉट प्रेस म्हणतात, आणि धुतलेल्या कपड्यांच्या वरच्या फळीवर ताटात सांडगे वाळत घातले. आठवडाभर त्या दिवसातून चारदा ते दार उघडून बघायच्या, आणि त्या दिवसांत खूश दिसायच्या. मग विक्रांतच्या ऑफिसात कोणीतरी त्याच्या शर्टाला कसलासा वास येतो म्हणालं. तो आईला रागावला नाही, तो कधीच रागावत नाही. त्याने फक्त ताट उचलून बाल्कनीत ठेवलं, आणि तिथे पाऊस होता.

रेकॉर्डिंगचं त्याच उन्हाळ्यात निघालं. मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला, शहरातल्या एका स्टुडिओला गावातल्या माणसांचे आवाज हवेत, मराठी, शक्यतो वयस्क बायका. आईचा वेळ जाईल, विक्रांत म्हणाला. नेलं मात्र सुरुचीने, त्याला त्या दिवशी कामासाठी डंडॉकला जायचं होतं. काचेच्या खोलीत सासूबाईंना खुर्चीवर बसवलं, पुढे माइक आणला, डोक्यावर मोठे हेडफोन घातले. कागद इंग्रजीत होते. मग तिथल्या मुलीने हसून सांगितलं, आणि सुरुचीने मराठीत सांगितलं, की आई, एक परकी मुलगी रस्त्याने चाललीय आणि तुमच्यापाशी थांबलीय असं समजा, आणि तुम्ही जे बोलाल ते बोला, तुमच्या शब्दांत. "कायबी?" त्यांनी विचारलं. काहीही, सुरुची म्हणाली, आणि ऑफिसचा फोन आला म्हणून बाहेर गेली. काचेतून त्या दिसत होत्या. ओठ हलत होते, हात हलत होते, पुढे झुकून कोणाशी तरी बोलत होत्या. त्या घरात इतक्या बोललेल्या तिने कधी पाहिल्या नव्हत्या, असं तिला आज वाटत होतं. तेव्हा काय वाटलं ते आठवत नव्हतं, तेव्हा फोनवर कुणाचा तरी कसला तरी रिलीज अडला होता. बाहेर आल्यावर सासूबाईंचा चेहरा फुलला होता. स्टुडिओच्या मुलीने दिलेली बिस्किटं त्यांनी पर्समध्ये तन्वीसाठी ठेवली होती. "लय बोलली वं मी आज," त्या ट्राममध्ये म्हणाल्या. "हो का, छान," सुरुची म्हणाली. मग त्या खिडकीबाहेर बघत बसल्या, आणि सुरुची सँडीफोर्ड येईपर्यंत ऑफिसचे मेल बघत राहिली.

आता तिने पुन्हा बटण दाबलं. "माहा पोरगा चांगला हाय," म्हातारी म्हणाली. "सून बी चांगली हाय. वाईट नाईत. बोलत नाईत, एवढंच. दिवसभर मी खिडकीतून गाड्या पायतो." खाली आलं, माय सन इज अ ब्रेव्ह मॅन. सुरुचीने पुन्हा दाबलं. आधी श्वास ऐकू आला, खुर्ची करकरल्याचा बारीक आवाज, तो कोणी काढून टाकला नव्हता. मग आवाज खाली उतरला, बाजूच्या खोलीत कोणी ऐकेल असा. "देशीन का वं मले गावी नेऊन? अमरावतीच्या गाडीत बसवून देजो फक्त. पुढचं माहं मी पाहीन. कोनाले सांगू नको." आणि खाली, स्वच्छ पांढऱ्या अक्षरांत: सेफ ट्रॅव्हल्स, माय चाइल्ड.

सेफ ट्रॅव्हल्स. विमानतळावर निघालेल्या प्रत्येकाला विक्रांत हेच लिहितो. स्टुडिओने सगळं बोलणं त्याच्याकडे पाठवलं होतं, ऐकून इंग्रजीत अर्थ लिहून द्या आणि आक्षेपार्ह काही नाही एवढं कळवा, म्हणून. हे काम ट्रामच्या दोन स्टॉपांत उरकल्याचं तो दिवाळीच्या पार्टीत हसत हसत सांगत होता. "न ऐकताच लिहिलं यार. म्हातारी बाई वाटसरूला काय सांगणार? बस, पाणी पी, सांभाळून जा." सगळे हसले होते, सुरुचीसुद्धा. आणि आता जगभर, कुठे कुठे, ब्राझीलमध्ये, जपानमध्ये, माणसं त्या पारापाशी येऊन तिची विनवणी ऐकत असतील आणि सेफ ट्रॅव्हल्स वाचून पुढे जात असतील. ज्यांना कळलं असतं ती पहिलं वाक्य रेकॉर्ड करून क्रिकेटला गेली होती.

"दॅट्स नॉट व्हॉट शी सेड," तन्वी सोफ्यावरून म्हणाली. तिने रंगवणं थांबवलं होतं. या पोरीला मराठी सगळं कळतं, बोलायचं तेवढं नको असतं. "आजी वॉन्ट्स टु गो होम. कॅन ऑर्ला नॉट ब्रिंग हर?"

"नाही. खेळात तसं करता येत नाही."

"दॅट्स मीन."

"चित्र पूर्ण कर तू."

सुरुचीने बटण दाबलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. "ये माय, बस जराशीक," म्हातारी म्हणाली. "कुठून आली वं?"

संपलं होतं. सांगण्यासारखं तिच्याकडे आणखी काही नव्हतं. सुरुचीने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि आधी तिला राग आला, तो सासूबाईंचाच. काचेच्या त्या बाजूला मी उभी होते. ट्राममध्ये शेजारी बसले होते. एका परक्या, नसलेल्या मुलीला हे सांगायचं आणि मला ग्रँड म्हणायचं, हा कुठला न्याय. सून बी चांगली हाय. शिवी दिली असती तर परतवता आली असती, या वाक्याचं काय करायचं. मग राग विक्रांतवर गेला, तिथे तो नेहमी आरामात बसतो, पण या वेळी तिथेही फार टिकला नाही. अमरावतीला निघायच्या दिवशी विमानतळावर सासूबाई किती भराभर चालत होत्या ते तिला आठवलं. गुडघा दुखणारी बाई सामानाच्या गाडीच्या पुढे चालत होती. त्यांना घाई होती. आत गेल्यावर त्यांनी वळून हात केला नाही आणि विक्रांत म्हणाला, रडत असेल, म्हणून बघत नाहीये.

आणि आज चार वाजता त्यांना पुन्हा बोलवायचं होतं. सुरुचीची बाळंतपणाची रजा सप्टेंबरअखेर संपत होती. अद्वयला पाळणाघरात जागा जानेवारीत, त्याआधी सबंध परिसरात कुठे नाही, तिने सगळीकडे विचारून पाहिलं होतं. मधले तीन महिने म्हणजे सासूबाई; व्हिसा नेमका तेवढाच मिळतो. तिची मॅनेजर, एक हसरी आयरिश बाई, दर वेळी म्हणायची, नो बॉदर ॲट ऑल, टेक युअर टाइम, आणि सुरुचीला त्यामागचं नीट ऐकू यायचं: तिच्या जागेवर बसवलेला तरुण मुलगा चांगलं काम करत होता, आणि टीम तिच्या हाती द्यायचं जे ठरलं होतं ते डिसेंबरच्या आत झालं नाही तर मग होणार नव्हतं. सात वर्षं ती त्या पदासाठी खपली होती. सासूबाई दर फोनला म्हणत होत्या, येतो न बाबा. कोणी त्यांच्यावर जबरदस्ती करत नव्हतं. तरीही ती सोफ्यावर बसून मनात वाक्य जुळवत राहिली. विक्रांत, आधी हे ऐक, मग तिकीट. एवढंच म्हणायचं. पुढचं तो बघेल, किंवा दोघं बघू. तिने खेळ तिथेच थांबवून ठेवला, ऑर्ला आणि म्हातारी समोरासमोर.

तो चारच्या आधीच आला, गुडघ्याला चिखल, मॅच हरलेली, तरी मजेत. बूट काढतानाच त्याने लॅपटॉप उघडला. "हे बघ, एकच थांबा आहे, व्हीलचेअर मागून ठेवतो म्हणजे आईला चालायला नको."

"विक्रांत, आईंचं पुढचं बोलणं ऐकलंस का तू? पहिल्या वाक्याच्या पुढचं?"

"अजून आहे?" त्याचा चेहरा उजळला. "मग रेकॉर्ड कर ना. ग्रुपवर टाकू, देवयानीने परत विचारलंय."

त्याच्याकडे बघताना तिला कळलं की तो ऐकेल. ऐकेल, गप्प होईल, मग म्हणेल, ॲक्टिंग आहे गं, कसली भारी करते आई, आणि ते म्हणताना त्याचा आवाज फाटेल. किंवा ते न म्हणता तो लॅपटॉप मिटेल. या दुसऱ्या गोष्टीची तिला भीती वाटली. तिकीट निघालं नाही तर घरी राहायचं ते विक्रांतने नव्हे, हे कोणी न बोलता ठरलेलं होतं. "नंतर," ती म्हणाली. "आधी फोन लावू."

फोन लागला. पडद्यावर सासूबाई नेहमीप्रमाणे फार जवळ आल्या, कपाळ आणि एक डोळा, मग मागे सरकल्या. मागे त्यांचं स्वयंपाकघर, गॅसवर काहीतरी शिजत होतं, शेजारणीचा आवाज येत होता आणि त्या तिला हातानेच थांब म्हणत होत्या. विक्रांतने उंटापासून सगळं सांगितलं, कोण काय म्हणालं, किती लोकांनी पाहिलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ऐकला का मंग? सारा?"

"सगळा आई. ग्रुपवर सगळे वेडे झालेत."

"तुले नाई इचारत," त्या म्हणाल्या. "सुरुची कुठी हाय?"

सुरुची पुढे झाली. सासूबाईंनी चष्मा नीट केला आणि थेट तिच्याकडे पाहिलं. फोनवर कोणी थेट बघत नाही, सगळे पडद्यातल्या स्वतःकडे बघतात. त्या मात्र बघत होत्या. शेजारणीचा आवाज थांबला होता. "तू ऐकला का वं? तुले सवय हाय न त्या खेळात साऱ्यायशी बोलाची. तन्वी सांगे. मनलं, ही थांबीन."

सोफ्यावरून तन्वीने मान वर केली. आत अद्वय चुळबुळू लागला होता. सुरुचीला आपलाच श्वास ऐकू आला, खुर्ची करकरल्यासारखा बारीक काहीतरी आवाज. "पहिलंच वाक्य ऐकलं आई," ती म्हणाली. "तेवढ्यात बाळ उठलं. पुढचं राहिलं."

सासूबाईंनी हात लांबवून गॅस बारीक केला. "बरं," त्या म्हणाल्या. "बाळाचं पाय आधी." मग पदराने चष्मा पुसून त्यांनी विक्रांतला विचारलं, "कधीचं काढतं तिकीट?" त्याने तारीख सांगितली. "चालते." तब्येत कशी आहे, तो म्हणाला, गुडघा? "ग्रँड हाय," त्या म्हणाल्या, आणि विक्रांत मोठ्याने हसला.

तन्वी आईकडे बघत होती. सुरुचीने तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिने शेजारचे हेडफोन उचलले, कानात घातले आणि चित्रावर वाकली. फोनमधून सासूबाई विचारत होत्या की येताना काय आणू. सुरुची म्हणाली, काही नको आई, तुम्ही या फक्त. आणि मग आठवल्यासारखं करून म्हणाली, थंडीचे कपडे आणा, आणि जमलं तर थोडे सांडगे, तिथूनच वाळवून.